घर नंबर सतरा

जळकोट,
१२ फेब्रुवारी १९९४

ती. पाटोदेकर गुरुजींस लुंबिनी निवृत्ती हणमंते हिचा नमस्कार.

तुम्ही मला न सांगता गाव सोडून गेलात. मला राग आला आहे, म्हणून हे पत्र लहान आहे.

भूकंपानंतर तिसऱ्याच दिवशी बाबांनी मला इथे मामाकडे आणून सोडलं. आई-बाबा चिंचोडीलाच पत्र्याच्या शेडमध्ये आहेत. संक्रांतीला मी गावी गेले तर शाळा तंबूत भरत होती आणि तंबूत दुसरेच गुरुजी होते. आई म्हणाली, तुम्ही नांदेड जिल्ह्यात बदली मागून घेतलीत. का, ते सांगेना. पत्ता मात्र तिनेच कुठूनतरी आणून दिला.

इथल्या शाळेत मी सगळ्यांना यादीची गोष्ट सांगितली. भूकंपाच्या दुसऱ्या दिवशी जवान आले आणि त्यांचे साहेब म्हणाले, घरटी माणसं किती ते लिहून द्या, तेवढी निघाली की आम्ही पुढच्या घराला हात घालू. तुमचा उजवा हात मोडून गळ्यात अडकवला होता. म्हणून तुम्ही मला म्हणालात, तू लिही, आईबरोबर कामाला फिरतेस, तुला घर न् घर माहीत आहे. मी बेचाळीस घरं लिहिली आणि तुम्हाला वाचून दाखवली. साहेबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला होता, आठवतं ना? इथल्या हेडमास्तरांनी मला प्रार्थनेच्या वेळी सगळ्या शाळेपुढे उभं केलं. मामा म्हणतो, सहावीतल्या पोरीनं गाव वाचवलं.

तुमचा हात बरा झाला का? परत कधी येणार?

तुमची,
लुंबिनी


नायगाव,
२ मार्च १९९४

चि. लुंबिनी,

रागाचं पत्र एक पान भरून असेल तर लोभाचं किती पानी असेल, या विचारानं मी आत्तापासूनच धास्तावलो आहे. शुद्धलेखनाच्या चुका सात. त्यातल्या दोन तर अशा, की वर्गात केल्या असत्यास तर तुला उभं केलं असतं.

हात बरा आहे. पेन धरता येतं, बादली उचलता येत नाही, त्यामुळे पाणी सिंधूकाकू भरते आणि मला ऐकवते. मी सरकारी नोकर, सरकार पाठवील तिथे जातो. मागून घेतली वगैरे काही नाही, तुझ्या आईचा, भामाबाईंचा, काहीतरी गैरसमज झाला असेल.

आता एक ऐक. ती यादीची गोष्ट पुरे. इतकी माणसं गेली, त्यात आपल्याला शाबासकी कसली? शाळेपुढे उभं राहायचंच असेल तर गणितात पैकीच्या पैकी मार्क मिळवून उभी राहा. सोबत दहा पोस्टकार्डं पाठवतो आहे, सगळ्यांवर माझा पत्ता घातला आहे. महिन्याला एक टाकायचं. मी तुला दर महिन्याला एक अवघड उदाहरण पाठवीन. सुटलं नाही तर मामाला सोडवायला लावू नकोस. मामाचं अक्षर मी ओळखतो.

आशीर्वाद.
उद्धव पाटोदेकर


लातूर,
२३ ऑगस्ट १९९८

गुरुजी, जयभीम.

दहावीला नव्वद टक्के पडले तर तुम्ही पोस्टकार्डावर लिहिलंत, ‘बरे आहेत.’ मी ते कार्ड जपून ठेवलं आहे, कधीतरी तुमच्याच पुढ्यात फाडीन.

आता लातूरची हकिकत. एका खोलीत आम्ही सहा जणी. पहाटे चारला खालच्या मजल्यावरची घरमालकीण घंटा वाजवते, की सगळ्या गल्लीत दिवे लागतात. सकाळी कॉलेज, दुपारी क्लास, संध्याकाळी दुसरा क्लास. आमच्या क्लासमध्ये दर रविवारी परीक्षा असते. सोमवारी जिन्यात नंबरांची यादी चिकटवतात आणि त्या नंबरांनुसार बाकावर बसायचं. पहिल्या पन्नासांना पंख्याखाली जागा. मी पहिल्या सोमवारी एकशे बारावी होते, आता एकविसावी आहे. मुलं यादी लागताना रडतात, काही जण तर यादी लागायच्या आधीच रडतात.

एक गोष्ट मला त्या यादीत खटकली. गेल्या महिन्यात तीन मुली क्लास सोडून गावी गेल्या. पुढच्या सोमवारी त्यांचे नंबर काढले आणि खालचे सगळे वर सरकवले. यादी कशी गच्च भरलेली, कुठे भोक नाही. त्या तिघी होत्या हे पाहून कोणाला कळणारच नाही. असं कसं चालतं?

खोलीतली मुग्धा अहमदपूरची आहे, वकिलाची मुलगी. ती माझ्या ताटातली भाकरी मोडून खाते. दुसरी एक आहे, मी पाणी प्यायले की ती तिचा तांब्या उचलून कपाटात ठेवते. मी बघत नाही. लहानपणापासून सवय आहे.

इथे सगळ्यांना डॉक्टर व्हायचं आहे. मला कॉम्प्युटर शिकायचा आहे. याद्या करणारं यंत्र आहे म्हणतात.

लुंबिनी


नायगाव,
६ सप्टेंबर १९९८

चि. लुंबिनीस जयभीम आणि आशीर्वाद दोन्ही. कोणतं घ्यायचं ते तू ठरव.

पहाटे चारला पाठ केलेलं दुपारी चारला आठवतं, हे कोणीतरी मला सिद्ध करून द्यावं. आमच्या नायगावातूनसुद्धा आता ट्रंका आणि गाद्या लातूरला निघाल्या आहेत. सातवीतल्या एका पोराचा बाप मला विचारायला आला, याला आत्ताच लातूरला टाकावं का. मी म्हटलं, याला आधी नदीत टाका, पोहायला तरी येईल. तो आता माझ्याशी बोलत नाही.

तांब्या उचलणाऱ्या मुलीचं नाव कळव. नको, कळवू नकोस. मी तिथे येऊन भांडेन आणि तुझी खोली जाईल. पण सवय आहे असं पुन्हा लिहू नकोस. मला ते वाक्य सहन झालं नाही. दोनदा वाचलं आणि सिंधूला न दाखवता खिशात ठेवलं.

कॉम्प्युटर शिक. याद्यांसाठी शिकू नकोस. त्या यंत्राला इतर पुष्कळ कामं असतील.

सिंधूकाकूनं धपाटे दिले आहेत. ते पोस्टानं जात नाहीत म्हणून दिवाळीच्या आधी मीच आणून देतो.

उद्धव पाटोदेकर


नांदेड,
४ फेब्रुवारी २००१

गुरुजी, जयभीम.

काल तुम्ही येऊन गेलात आणि मला झोपेतसुद्धा तुमचा चेहरा दिसत राहिला. माझं काय चुकलं?

तुम्ही हॉस्टेलच्या बाकावर बसून लॅबची गंमत ऐकत होतात. आम्ही चपला बाहेर काढून, पाय धुऊन कॉम्प्युटरपाशी जातो, हे ऐकून तुम्ही म्हणालात, देवळात तुला कोणी जाऊ दिलं नाही, इथे तरी घंटा वाजव. किती हसलो आपण. मग मी सांगितलं, की पहिल्यांदा स्वतःच्या मनानं प्रोग्रॅम लिहिला. त्यात चिंचोडीची घरं घातली, प्रत्येक घरातली माणसं घातली, आणि एकोणतीस घरं मला अजून आठवली. तेवढ्यात तुम्ही उठलात. म्हणालात, एस.टी. चुकेल. तुमच्या गाडीला एक तास होता, गुरुजी. मी गेटपर्यंत आले तर तुम्ही रस्त्याच्या पलीकडे नुसतेच उभे होतात.

तुम्हाला कॉम्प्युटर आवडत नाही का? तसं असेल तर सांगा, मी त्याविषयी बोलणार नाही. पण मला बोलायला दुसरं कोणी नाही.

लुंबिनी


नायगाव,
१२ फेब्रुवारी २००१

चि. लुंबिनी,

नाही आवडत. म्हातारा होत चाललो आहे, नवीन गोष्टींनी घाबरतो. तू मात्र बोलत जा. मी ऐकीन.

उद्धव पाटोदेकर


हैदराबाद,
११ ऑगस्ट २००५

गुरुजी, जयभीम!

झालं. मला पीएचडीला घेतलं. टेबलापलीकडे पाच जण बसले होते, एकानं विचारलं, हाच विषय का? मी इंग्रजीत जेवढं जमेल तेवढं बोलले. बेचाळीस घरं, साहेब, तुमचा गळ्यातला हात.  त्या पाचांतल्या भार्गवी मॅडम चष्मा पुसत होत्या. आता त्याच माझ्या मार्गदर्शक आहेत.

विषय तुम्हाला कळेल अशा भाषेत सांगते. संकट आलं की एका गावाच्या दहा याद्या निघतात. रेशनची, मतदारांची, शाळेची, दवाखान्याची. त्या एकमेकींशी जुळवायच्या आणि कोण सुटलं ते शोधायचं. दोन याद्यांतला माणूस यंत्राला सापडतो. एकाच यादीतला असेल तोही सापडतो. कोणत्याच यादीत नसलेला माणूस कसा शोधायचा, हे अजून कोणाला नीट जमलेलं नाही. ते मी करणार आहे.

पहिल्या प्रकरणात माझी यादी घालायची आहे. मूळ कागद तुमच्याकडे आहे का? आणि दुसरी गोष्ट, डिसेंबरात मॅडमना घेऊन मी चिंचोडीला जाणार आहे. तुम्ही यायचं. लोकांपुढे उभं राहून एकदाच सांगायचं, की ती यादी सहावीतल्या लुंबिनीनं केली होती. गावात कोणाला हे माहीतच नाही. मी विचारलं तर सगळे म्हणतात, मास्तरनं केली. माझ्याच गावात माझ्याबद्दल एवढं एक वाक्य कोणीतरी मोठ्यानं म्हणावं, असं मला फार वाटतं. हसू नका.

लुंबिनी


नायगाव,
१ सप्टेंबर २००५

चि. लुंबिनी,

सिंधूकाकूनं गल्लीत साखर वाटली. लोक विचारतात, मुलगी तुमची कोण? ती म्हणते, आमचीच. मी सुधारायला गेलो नाही.

आता तुला आवडणार नाही असं लिहितो. मूळ कागद माझ्याकडे नाही. चिंचोडीला मी येणार नाही, गुडघे धरले आहेत. आणि हा विषय तू सोड. कॉम्प्युटरमध्ये याच एका गोष्टीचा दुष्काळ पडला आहे का? दुसरं काही घे, त्यातही तू नाव काढशील. अकरा वर्षांत मी तुझ्याकडे काही मागितलं नाही, पोस्टकार्डं सोडून. हे मागतो आहे. ऐक.

उद्धव पाटोदेकर


हैदराबाद,
९ जुलै २००६

श्री. उद्धव पाटोदेकर यांस,

तुम्ही न दिलेला कागद मला तहसील कचेरीत मिळाला. संशोधनासाठी परवानगी काढून जुनी फाइल पाहिली.

बेचाळीस घरं. मला आठवतात ती सगळी तीच, त्याच क्रमानं, आकडेही तेच. अक्षर तुमचं. खाली सही तुमची. तारीख १ ऑक्टोबर १९९३. त्या दिवशी तुमचा उजवा हात मोडलेला होता, तुम्हाला पाण्याचा पेलासुद्धा धरता येत नव्हता. म्हणजे तुम्ही माझा कागद नंतर समोर ठेवून उतरवलात, मागची तारीख घातलीत, आणि माझं नाव कुठेही येऊ दिलं नाहीत. म्हणून गाव म्हणतं, मास्तरनं केली. म्हणून तुम्हाला चिंचोडीला यायचं नव्हतं. म्हणून मी हा विषय सोडायचा होता.

बौद्धवाड्यातल्या पोरीचं अक्षर सरकारदरबारी कसं पाठवायचं, असंच ना? मी तुमची पोस्टकार्डं जपत राहिले. लातूरची ती तांब्या उचलणारी तुमच्यापेक्षा बरी, ती निदान माझ्यासमोर उचलत होती.

तुम्ही यादी स्वतःच्या नावावर केलीत, हो की नाही? एवढंच लिहा.

लुंबिनी हणमंते


नायगाव,
१५ जुलै २००६

हो. केली.

सिंधूला यातलं काही माहीत नाही. तिच्यावर राग धरू नकोस.

उद्धव पाटोदेकर


चिंचोडी,
२० नोव्हेंबर २००७

गुरुजी,

सोळा महिन्यांनी लिहिते आहे. कोणत्या तोंडानं, ते विचारू नका.

त्या फाइलमधल्या सगळ्या कागदांच्या झेरॉक्स मी तेव्हाच आणल्या होत्या. मला हवा तो कागद मिळाल्यावर बाकीचे पाहिलेच नव्हते. प्रबंधाचं पहिलं प्रकरण लिहून झालं, त्यात तुमच्याविषयी एक कडक टीपसुद्धा घातली, आणि परवा टीप तपासायला गठ्ठा काढला. तुमच्या यादीच्या मागे एक अर्ज टाचलेला होता. नोव्हेंबर १९९३ चा, वीरण्णाकाकांचा. ‘माझ्या घरात सहा माणसं आणि तान्हं लेकरू असताना यादीत पाच कशी लिहिली, याला जबाबदार कोण?’ खाली तहसीलदारांचा शेरा: ‘सदर यादी आपणच केल्याचे शिक्षक पाटोदेकर यांनी लेखी मान्य केले आहे.’

तो कागद घेऊन मी इथे आले आणि आईला वाचून दाखवला. आई चुलीपुढून उठली आणि दाराशी जाऊन बसली. म्हणाली, “गुरुजीनं माझ्याकडून शब्द घेतलता. लेकराला कळू देऊ नका म्हनले. तू त्यांना चोर म्हनून राहिलीस, आन् मी गप बसले. लई पाप केलं मी.”

आता मला सगळं माहीत आहे. घर नंबर सतरा. मी पाच लिहिले. वीरण्णाकाका, त्यांची म्हातारी आई, बायको, मुलगा शिवप्पा आणि सून. त्यांची लेक कमलम्मा बाळंतपणाला माहेरी आली होती, मागच्या खोलीत होती, ते मला माहीत नव्हतं. शुक्रवारी त्या घरातून पाच माणसं निघाली. आकडा जुळला. जवान अठरा नंबरला गेले. पाचांत एकटे वीरण्णाकाका जिवंत होते, तेही बेशुद्ध, त्यांना सोलापूरला नेलं. रविवारी शुद्धीवर आले आणि त्यांनी विचारलं, कमल कुठं हाय? तो निरोप गावात पोचला तेव्हा कुठे माणसं पळत जाऊन मागची खोली उकरायला लागली. कमलम्मा आणि लेकरू, दोघी गेलेल्या होत्या. आई म्हणते, डॉक्टर म्हणाले की शनिवारपर्यंत तिचा श्वास चालू असावा. तोवर मी जळकोटला पोचले होते आणि मामाला यादीची गोष्ट सांगत होते.

आई त्यांच्या अंगणात शेण-झाडलोट करायची. मी अंगणाच्या कडेला उभी राहायचे. तिथून जेवढी माणसं येता-जाता दिसायची तेवढीच मी मोजली. मला तो शुक्रवार नीट आठवतो, गुरुजी. चोहीकडे रडारड आणि मी मनातून खूश होते, साहेबांनी डोक्यावर हात ठेवला म्हणून. चौदा वर्षं मी त्याच शाबासकीवर जगले. मुलाखतीतसुद्धा तीच सांगून जागा मिळवली.

तुम्हाला मी काय काय लिहिलं ते मला तोंडपाठ आहे. माफी मागायला शब्द पुरत नाहीत. प्रबंध बंद केला आहे. भार्गवी मॅडमना अजून सांगितलेलं नाही.

लुंबिनी


नायगाव,
२ डिसेंबर २००७

चि. लुंबिनी,

भामाबाईंवर रागावू नकोस. शब्द माझा होता, ओझं त्यांनी वाहिलं.

तू अर्धंच ऐकलं आहेस. उरलेलं मी कोणालाच सांगितलेलं नाही. काल रात्री पहिल्यांदा सिंधूला सांगितलं. सकाळी तिनं चहाचा कप माझ्यापुढे ठेवला आणि अंगणात निघून गेली.

कमलम्मा बाळंत झाली त्या बुधवारी सकाळी शिवप्पानं मला घरी बोलावून नेलं होतं, वीरण्णा स्वतः बाहेरगावी होता. लेकराची जन्मवेळ नीट कागदावर लिहून हवी होती. मी आत गेलो, पाटावर बसलो. सात वाजून दहा मिनिटं, असं लिहून दिलं. मुलगी झाली म्हणून बर्फीचा तुकडा माझ्या हातावर ठेवला. वीरण्णाच्या बायकोनं बाळ दुपट्यात गुंडाळून बाहेर आणून दाखवलं. मी म्हटलं, नाक आजोबांचं आहे. सगळे हसले. ही यादीच्या बरोबर नऊ दिवस आधीची गोष्ट.

आणि त्या शुक्रवारी तू मला यादी वाचून दाखवलीस. घर नंबर सतरा, वीरण्णा, पाच. मी मान डोलावली.

बाई गं, तू अकरा वर्षांची होतीस आणि त्या घराच्या अंगणापलीकडे तुला कोणी येऊ दिलं नव्हतं. तुला दिसली तेवढी तू मोजलीस, एकही चुकवली नाहीस. मी आत बसून बर्फी खाऊन आलो होतो. चूक करायला आधी माहीत असावं लागतं, आणि आपल्या दोघांत ते फक्त मला माहीत होतं. हात दुखत होता, डोकं चालत नव्हतं, असं मी स्वतःला पुष्कळ वेळा सांगून पाहिलं. पण बाकीच्या एकेचाळीस घरांत मी तुला तीन ठिकाणी थांबवून आकडा बदलायला लावला होता, हेही मला आठवतं. म्हणजे डोकं चालत होतं.

नोव्हेंबरात चौकशीला तहसीलदार साहेब आले. जवानांनी काम संपल्यावर तुझा कागद मला परत दिला होता, तो आदल्या दिवशी मी जाळला आणि बऱ्या झालेल्या हातानं नवा लिहिला. तुला वाचवण्यासाठी केलं, असं मी आजवर मानत आलो. तेवढंच खरं असतं तर मला आज हे पत्र लिहिणं सोपं गेलं असतं. तुझं अक्षर समोर आलं असतं तर साहेबांनी विचारलं असतं, मास्तर, लेकरावर का सोपवलंत? मग पुढचं विचारलं असतं, तुम्ही त्या घरी जाऊन आला होतात ना? मी केली म्हटल्यावर कोणी काही विचारलं नाही. घाईत चुकलं असेल, म्हणाले आणि गेले. तुला वाचवायचं किती आणि मला वाचवायचं किती, ते आजही मला वेगळं करता येत नाही. तुला दरमहा पत्र लिहीत आलो, तेही तसंच. माया होती. आणि तुला कळलं तर काय, ही भीतीही होती.

तू मला चोर म्हणालीस तेव्हा, खरं सांगतो, थोडं हलकं वाटलं. निदान काहीतरी शिक्षा झाली.

माफी तू नाही, मी मागायची आहे. तुझी मागतो. वीरण्णाची मागायला हवी होती, त्याच्या तोंडासमोर उभं राहायची हिंमत झाली नाही म्हणून बदली मागून घेतली. प्रबंध बंद करू नकोस. एवढंही ऐकायचं नसेल तर नको ऐकूस, मला आता तो हक्क राहिलेला नाही.

उद्धव पाटोदेकर


चिंचोडी,
१३ जानेवारी २००८

गुरुजी,

तुमचं पत्र आल्यावर महिनाभर मी काही लिहू शकले नाही. तुमच्यावर पुन्हा रागावले, मग राग गेला, मग नुसतं वाईट वाटत राहिलं. शेवटी काल वीरण्णाकाकांकडे गेले.

नव्या गावठाणात सरकारी घरांच्या रांगा आहेत, सगळी सारखी. काका पुतण्याजवळ राहतात. एक पाय आखूड झाला आहे, बाहेर बाजेवर बसून असतात. मी जमिनीवर बसले आणि सगळं सांगितलं. यादी मास्तरांनी नाही, मी केली. पाच मी लिहिले. तुम्ही त्यांच्या घरी जाऊन जन्मवेळ लिहिली होती आणि तरी मान डोलावली, हेही सांगितलं. तुम्हाला विचारलं नव्हतं. आता आपल्यात कोणाला न विचारता काही झाकायचं नाही, असं मी ठरवलं आहे.

मी ठरवूनच गेले होते, शिव्या देतील, काठी उगारतील, जे होईल ते घ्यायचं. काकांनी काठी बाजेखाली सारली. मग म्हणाले, “भामाबाईची पोर तू. अंगणातून मोजलंस व्हय?”

मी म्हटलं, “हाव काका.”

“आमी तुला आत येऊ दिलं असतं तर बरोबर लिव्हलं असतंस.” ते माझ्याकडे बघत नव्हते. “माझ्या मायनं तुला पायरीला हात लावू दिला न्हाई. मी बी बसून बघत व्हतो. आन् चौदा वर्सं दुसऱ्यालाच शिव्या देऊन राहिलो.”

याची मी काहीच तयारी करून गेले नव्हते. मला जोरात रडू आलं. काका रडले नाहीत, बाजेच्या सुतळीचा एक धागा ओढत राहिले. पुतण्याच्या बायकोनं पाणी आणून दिलं, ते मी तसंच हातात धरलं.

थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, “मास्तर जिता हाय का?”

मी म्हटलं, आहेत, नायगावला.

“त्यानं लेकरू बघितलं व्हतं म्हन्तीस?”

मी तुमचं पत्र पिशवीतून काढलं आणि तेवढा भाग वाचून दाखवला. सात वाजून दहा मिनिटं. दुपटं. नाकाबद्दल तुम्ही जे म्हणालात ते. काकांनी तो भाग मला तीनदा वाचायला लावला. तिसऱ्यांदा वाचून झाल्यावर म्हणाले, “जावयानं बी बघितलं न्हवतं. बारशाला येनार व्हता, ऐतवारी. माझी माय गेली, बायको गेली, शिवा गेला, सून गेली. ते लेकरू जितं बघितलेला मानूस या जगात मी एकटाच राहिलो म्हनून मला वाटायचं. कुनाला सांगितलं तर हो म्हनायला कुनी न्हाई.” आणि मग, “मास्तरला म्हनावं, ये. शिव्या देत न्हाई. नुसता येऊन बस म्हनावं.”

गुरुजी, या.

लुंबिनी